वर्षातून एकदा फुकट

नव्या घरमालकाला माझा क्रेडिट रिपोर्ट हवा होता. आधी तो आणून दाखवायचा, मग खोल्यांबद्दल बोलायचं, असा त्याचा नियम. हा गृहस्थ वजनमापं तपासायच्या खात्यातून निवृत्त झालेला, त्यामुळे पारड्याखाली बोट घालून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. "आणि विकत आणू नका," त्याने फोनवर बजावलं. "वर्षातून एकदा फुकट मिळतो. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला पैसे मोजणारा भाडेकरू मला नको."

मी बरं म्हणाले. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते.

ताईला जाऊन सात महिने झाले होते. ती गेली तेव्हा मी रडले नाही, नंतरही नाही. शेजारीण म्हणाली, "रडून घे गं, आत साचून राहतं." मी म्हणाले, "साचू दे, जागा आहे." ती पुन्हा फिरकली नाही. खरं तर मला काही होतच नव्हतं. सकाळी उठायचं, प्लास्टर कालवायचं, मेण वितळवायचं, दात बसवायचे. मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात आणि त्यावरून मी जबडे तयार करून देते. माणूस मला कधी दिसत नाही, फक्त त्याचं तोंड माझ्या टेबलावर येतं, आणि ते बोलत नाही. मला तेवढीच सोबत पुरत होती.

घरात बोलणारं दुसरं कुणी उरलंही नव्हतं. ताईची मुलगी होती, सोळा वर्षांची. लहानपणी अखंड बडबड करायची म्हणून तिचं नाव मिठू पडलं, आणि आता मिठू दिवसाला दहा वाक्यं बोलली तरी खूप. त्यातली निम्मी 'नको' एवढीच असायची. तिचे वडील फार पूर्वीच दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटून बसलेले. माणूस वाईट नाही, फक्त इथला नाही. आम्ही तिघी राहायचो ते घर मालकाने विकायला काढलं होतं आणि महिनाअखेर आम्हाला बाहेर पडायचं होतं. हे कळल्यावर मिठूच्या वडिलांचा फोन आला. "तुमची नीट सोय होत नसेल तर मी तिला घेऊन जातो," ते म्हणाले. मिठू शेजारीच बसली होती. "जाते ना मी," ती म्हणाली, कोपऱ्यावरच्या दुकानात जाते म्हणावं तसं.

मला वाटलं, घराच्या कटकटीला कंटाळून म्हणतेय. दोन खोल्या आणि पुढे दात भाजायच्या माझ्या भट्टीला जागा मिळाली की राहील. मिठू राहते की जाते, एवढा एकच प्रश्न माझ्यापुढे उरला होता, आणि त्याचं उत्तर त्या रिपोर्टात आहे अशी माझी समजूत होती.

रविवारी दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. फॉर्म, रांगा, शिक्के यांच्याशी माझं जन्माचं वाकडं. आजवरचे माझे सगळे फॉर्म ताईने भरले. ती शाळेच्या ऑफिसात होती आणि कोरा फॉर्म दिसला की तिचे हात शिवशिवायचे. "तू फक्त इथे सही कर," म्हणायची, आणि मी न वाचता करायची. ही सवय आम्हाला वडिलांनी लावली असं म्हणायला हवं. ताई माझ्याहून चौदा महिन्यांनी मोठी, पण शाळेत घालताना वडिलांनी दोघींची एकच जन्मतारीख सांगितली. दोघी एका वर्गात बसल्या की पुस्तकांचा एकच संच पुरतो, हा त्यांचा हिशेब. त्या एका संचापायी आम्ही कागदोपत्री जुळ्या झालो. ताईने लग्नानंतरही आडनाव बदललं नाही, त्यामुळे तारीख एक, आडनाव एक, पत्ताही एक. वर्गात ती माझा गृहपाठ पुरा करायची, तेव्हापासून जी माझ्या वतीने लिहीत आली ती थांबलीच नाही.

माझं ओळखपत्र बांधाबांधीत कुठल्याशा खोक्यात गेलं होतं. पण भट्टी हप्त्यांवर घेतली होती त्याचा कर्जाचा कागद हाताशी होता, ताईच्या टपोऱ्या अक्षरात भरलेला. त्यावर माझा ओळख क्रमांक होता. मी एकेक आकडा वाचत गेले आणि मिठूने तो फोनवर टाकला. जन्मतारीख टाकली, पत्ता टाकला. 'तुमच्या नोंदणीकृत मोबाइलवर कोड पाठवला आहे,' असं आलं. माझा फोन गप्प राहिला. आतल्या खोलीत ताईचा फोन वाजला.

मिठू तो रोज चार्ज करून ठेवते हे मला माहीत नव्हतं. ती उठून आत गेली, सहा आकडे पाठ करून आली आणि टाकले. "आईने तिचाच नंबर दिला असेल," ती म्हणाली. "तू फोन उचलत नाहीस ना." यात नवल काहीच नव्हतं. मी बरं म्हणाले.

मग माणूस तोच आहे का हे बघायला तीन प्रश्न आले. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही खालीलपैकी काय हप्त्यांवर घेतलं? शिलाई मशीन, फ्रिज, दुचाकी, यापैकी काही नाही. मी आयुष्यात भट्टीशिवाय काहीच हप्त्यांवर घेतलेलं नाही. पण घरातला फ्रिज ताईने तसा घेतला होता, आणि घर तर एकच. "फ्रिज टाक," मी म्हणाले. बरोबर निघालं. तुमचं पगाराचं खातं कुठल्या बँकेत आहे? मला पगार कोण देणार? मिठूने मला न विचारताच ताईच्या बँकेवर बोट ठेवलं. तेही बरोबर. तिसरं उत्तर आम्ही एकमेकींकडे न बघता दिलं, आणि रिपोर्ट आला.

पहिल्या पानावर ताईचं नाव होतं. त्याखाली 'या व्यक्तीची इतर नावे' असं लिहून माझं नाव दिलं होतं. मी ताईचं इतर नाव होते.

कागद आणि स्क्रीन शेजारी धरल्यावर काय झालंय ते कळायला वेळ लागला नाही. भट्टीचा फॉर्म भरताना ताईने ओळख क्रमांकाच्या रकान्यात स्वतःचाच क्रमांक लिहिला होता. हजारदा लिहिलेला आकडा, हात आपोआप गेला असणार. सही करताना मी बघितलं नाही. कंपनीच्या माणसाने तारीख, आडनाव, पत्ता बघितला, सगळं जुळत होतं. माझं कर्ज ताईच्या फाइलीत जाऊन बसलं होतं आणि तिथेच राहिलं होतं.

मिठू अंगठ्याने पानं सरकवत होती. भट्टीची नोंद आली तशी ती थांबली. "मला अभ्यास आहे," म्हणाली, फोन माझ्यापुढे ठेवला आणि आत गेली. रुक्ष कागद आहे, कंटाळली असेल, असं मला वाटलं.

मी वाचत बसले. ताईची एकवीस वर्षं तिथे होती. फ्रिज, मिठूच्या जन्माच्या वेळचं छोटं कर्ज, एक कपाट, एक कार्ड. प्रत्येकापुढे महिन्यामहिन्याचे हिरवे चौकोन. एकदाही उशीर नाही. मग माझी भट्टी आणि तिच्यापुढे ओळीने चार लाल चौकोन.

ते चार चौकोन मी ओळखले. भट्टी आली तीच बिघडलेली. तापमान मध्येच ढेपाळायचं आणि भाजायला ठेवलेले दात तडकायचे. कंपनीचा माणूस आज येतो, उद्या येतो. माझ्या नाकावर राग असतोच. मी कळवलं, भट्टी नीट होईपर्यंत छदाम मिळणार नाही. चार महिने खरोखरच दिला नाही. शेवटी माणूस आला, एक भाग बदलून गेला आणि मी पुढचे हप्ते सुरू केले. मधले चार कंपनीने पुन्हा मागितलेच नाहीत. कंपनीला मी कसं नाक घासायला लावलं हे मी डॉक्टरांना, शेजारणीला, घरपोच प्लास्टर आणणाऱ्या माणसाला, सगळ्यांना रंगवून सांगत होते. ताईलाही दोनदा सांगितलं होतं.

रिपोर्टात लिहिलं होतं, चार हप्त्यांची थकबाकी दंडासह एकरकमी जमा. तारीखही होती. ते पैसे मी भरलेले नव्हते.

शेवटच्या पानावर, या फाइलीची कुणी कधी चौकशी केली त्याची यादी असते. सव्वा वर्षापूर्वीच्या एका आठवड्यात तीन बँकांनी केली होती. कारण, उपचारांसाठी कर्ज. तिन्हींपुढे 'नामंजूर'. त्याखाली, पुढच्याच मंगळवारी, 'ग्राहकाने स्वतः मागवलेली मोफत प्रत'. वर्षातून एकदा मिळते ती ताईनेही घेतली होती.

त्या आठवड्यातला गुरुवार मला आठवला, कारण त्या दिवशी मी तिच्यावर खेकसले होते. मी मेणात दात लावत होते आणि ती टेबलाशी येऊन उभी राहिली. "भट्टीचे हप्ते भरून टाक ना गं," म्हणाली. मी म्हणाले, "तू माझ्या बाजूची आहेस की कंपनीच्या?" "तुझ्याच," ती म्हणाली. "मग तत्त्वाच्या गोष्टीत लुडबुड करू नकोस." ती हसली, माझा रिकामा कप उचलून धुवायला घेऊन गेली. आणि पुढच्या सोमवारी तिने ते चार हप्ते स्वतःच्या पैशांतून भरले.

त्याचा तिला उपयोग झाला नाही. तिच्या पोटात गाठ होती. खाजगी हॉस्पिटलात पैसे भरले असते तर ऑपरेशन आठवड्याभरात झालं असतं. न भरता करायचं तर मोठ्या सरकारी हॉस्पिटलची रांग होती, नऊ आठवड्यांची. आम्हाला ती म्हणाली, "नंबर लावलाय, घाई नाही म्हणतात." नऊ आठवड्यांनी पोट उघडलं तेव्हा गाठ पसरलेली होती. "थोडं आधी आला असता तर," एवढं म्हणून डॉक्टर थांबला होता. मी तेव्हा त्याला आधी म्हणजे कधी, असं विचारलंही नव्हतं.

मी तारखा पुन्हा एकदा वाचल्या, फोन पालथा ठेवला आणि एक अर्धवट राहिलेली कवळी घासायला बसले. दोन तास घासली. नको तिथे पातळ झाली आणि फेकून द्यावी लागली. मला काही वाटत नव्हतं. वाटायला हवं हे कळत होतं. भूल दिलेल्या हिरडीवर डॉक्टर टोचून बघतात, तसं मी स्वतःला टोचून बघत होते. तुझ्यामुळे, मी मनात म्हणत होते, तुझ्यामुळे, आणि काही होत नव्हतं.

सोमवारी मी रिपोर्टवाल्या कंपनीला फोन लावला. पलीकडे मधाळ आवाजाची मुलगी होती. मी तिला चूक सांगितली आणि खोक्यातून शोधून काढलेला माझा खरा क्रमांक दिला.

"फाइली वेगळ्या करता येतील मॅडम, तीस दिवस लागतात," ती म्हणाली. "पण तुमच्या स्वतःच्या क्रमांकावर सध्या एकही नोंद नाहीये. भट्टी तिकडे आली की ते चार उशीरही तुमच्याकडे येणार. तेवढंच दिसेल मग."

"आणि आता रिपोर्टात आहे तो गुणांचा आकडा?"

"आता फारच छान आहे! जुनी खाती आहेत ना सगळी. उशीर होऊन वर्ष उलटलंय, थकबाकी भरलेली आहे. तेव्हाच कुणी कर्ज मागितलं असतं तर अडचण होती. भरल्यावरसुद्धा बँका सहा महिने थांबा म्हणतात."

"हो," मी म्हणाले.

"त्या मूळ खातेदार हयात आहेत ना मॅडम?"

"दार वाजतंय," मी म्हणाले आणि फोन ठेवला. दार वाजत नव्हतं. ताई गेल्याचं मी अजून कुठेच कळवलं नव्हतं. ते फॉर्म आणून ठेवले होते, पण भरणारी नव्हती.

म्हणजे माझ्या हातात उत्तम कागद होता. माझ्या हट्टाने तो ताईच्या ऐन गरजेच्या वेळी नासवला होता, आणि आता तो आपोआप बरा होऊन मला घर मिळवून द्यायला तयार होता. माझं नाव त्यावर होतंच. टेबलावर ठेवायचा आणि मूग गिळून बसायचं. घर मिळालं असतं, मिठू राहिली असती. कुणाचं काही जात नव्हतं. हे सगळं मी बुधवारपर्यंत शांतपणे ठरवलं. झोपही लागत होती.

बुधवारी मिठूला घेऊन मी खोल्या बघायला गेले. पुढची खोली लांबट, उत्तरेला मोठी खिडकी, कोपऱ्यात नळ. भट्टीसाठी तिथे जाडजूड वायरचं वेगळं कनेक्शनसुद्धा होतं. मागे दोन खोल्या, त्यातली एक मिठूची होण्यासारखी. घरमालक आमच्यापुढे बोलत चालला होता आणि प्रत्येक वाक्यानंतर त्याची खालची कवळी टक्कन वाजत होती. कुणीतरी माप घेताना घाई केली होती.

त्याने चष्मा लावला आणि रिपोर्ट खिडकीपाशी धरून वाचला. बोट ठेवत ठेवत, एकही ओळ न गाळता. मिठू आमच्याकडे पाठ करून बाहेर बघत होती.

"वा!" तो म्हणाला. "एकवीस वर्षं! वा! असं वळण हल्ली बघायला मिळत नाही हो."

मी का बोलले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तो वा म्हणाला आणि ती वाहवा ताईची होती. ती माझ्या पदरात पडलेली मला सहन झाली नाही, एवढंच.

"हा माझ्या बहिणीचा आहे," मी म्हणाले. "ती वारली. यातली भट्टी तेवढी माझी, आणि हे चार लाल चौकोन माझे. कंपनीशी भांडण होतं म्हणून मी हप्ते अडवले होते. चुकीने ते तिच्या नावावर लागले, त्यामुळे तिला ऑपरेशनसाठी कर्ज मिळालं नाही. ती नऊ आठवडे रांगेत थांबली. तेवढ्यात उशीर झाला. माझ्या नावावर दाखवण्यासारखं काही नाही."

डॉक्टरांकडे पाठवायच्या डब्यावर काय काय आहे ते वाचून दाखवते, त्याच सुरात मी हे बोलले. घरमालकाने चष्मा काढला.

"मला कशाला सांगितलंत? मी विचारणार नव्हतो."

"माहीत आहे."

त्याने रिपोर्टची घडी घालून तो मला परत दिला. "तीन महिन्यांचं भाडं आगाऊ द्या आणि पहिल्या तारखेला या," तो म्हणाला. "आणि ही माझी खालची कवळी जरा बघा. जेवताना फार त्रास देते."

मी बरं म्हणून वळले तर मिठू खिडकीपाशी नव्हती. ती जिना उतरून गेली होती.

रस्त्याच्या पलीकडे लॉन्ड्रीच्या भिंतीला टेकून ती उभी होती. आत इस्त्रीची वाफ सुटत होती आणि शटरखालून गरम वास येत होता. मी जाऊन शेजारी उभी राहिले. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी बाबांकडे जाते," ती म्हणाली.

"जा," मी म्हणाले. "तुझ्या जागी मी असते तर मीही गेले असते."

"तुला कळलंच नाहीये काही." ती जमिनीकडे बघत होती. "मला माहीत होतं सगळं. मी आईबरोबर बँकेत गेले होते. तिसऱ्या बँकेतल्या बाईने सांगितलं, भट्टीचे हप्ते थकलेत म्हणून. मग आईने तो रिपोर्ट काढला. माझ्याच शेजारी बसून काढला."

मी तिच्याकडे वळले.

"ती मला म्हणाली, मावशीला खरं काय ते सांगू का? भट्टी विकेल ती, म्हणाली. आणि मी नको म्हटलं."

"का?"

"माझी परीक्षा होती." तिचा आवाज अगदी सपाट होता. "तू चिडली असतीस. मग तू आईला बोलली असतीस, मग आई रडली असती, मग आठ दिवस घरात तेच. मला अभ्यास करायचा होता. मी म्हटलं, नको ना आई सांगू, माझी परीक्षा होऊ दे. आई बरं म्हणाली. तुला आडून आडून सांगून बघते म्हणाली."

रोज सकाळ-संध्याकाळ ही मुलगी माझ्यासमोर बसून जेवत होती. मी समजत होते, आई गेली म्हणून गप्प आहे. जाते म्हणते ते घरासाठी म्हणते. आणि ती हे घेऊन बसली होती, सोळा वर्षांची, तेव्हा तर पंधराची. कुणीच तिला काही विचारलं नव्हतं. मी तर नाहीच.

"मावशी," ती म्हणाली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तिने सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? खरं सांग."

भट्टी मी त्याच दिवशी विकली असती. एक डॉक्टर ती कधीपासून मागत होता. कंपनीचं उरलेलं फेडूनही ऑपरेशनचे पैसे संध्याकाळपर्यंत ताईच्या हातात ठेवले असते. तिला चार शब्द सुनावले असते, दोन दिवस अबोला धरला असता, आणि विकली असती. मला याची तिळमात्र शंका नव्हती. ताईलाही नव्हती. त्या भिंतीपाशी उभी असताना मला ताई हवी झाली. सात महिन्यांत पहिल्यांदा हवी झाली.

"काही केलं नसतं," मी म्हणाले.

ती भिंतीपासून सरळ झाली.

"हट्टाला पेटले होते मी. मला वाटलं असतं, हप्ते भरायला लावायची ही तिची युक्ती आहे. भांडले असते तिच्याशी. भट्टी काही हलली नसती जागेवरून."

"आई आजारी असताना?"

"हो."

"ऑपरेशनसाठी मागितले असते तरी?"

"तरी."

"म्हणजे सांगून उपयोगच नव्हता?"

"काडीचाही नव्हता," मी म्हणाले.

तिचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग हळूहळू त्यात राग चढला. मी तो चढताना बघितला. तिने माझ्या दंडावर एक गुद्दा मारला. मग दुसरा. लॉन्ड्रीवाला बाहेर येऊन बघून गेला. "तू फार वाईट आहेस," ती म्हणाली. "सख्खी बहीण होती ती तुझी. सगळं करायची तुझं. तू फार फार वाईट आहेस." ती मोठमोठ्याने रडत होती, नाक वाहत होतं, जाणारे-येणारे थांबत होते. मी हात बाजूला घेतला नाही. ती थकेपर्यंत तशीच उभी राहिले.

पहिल्या तारखेला मी एकटीच नव्या जागेत आले. घरमालकाची कवळी नीट करून दिली, भाडं तो अजून बोट ठेवून मोजून घेतो. ताईच्या नावाचे सगळे फॉर्म भरून पाठवले. रात्री कधी कधी रडू येतं, आता येतं. मिठूचे वडील पंधरा दिवसांतून एकदा फोन करतात. ती नीट जेवते, झोपते, मैत्रिणी झाल्यात, असं सांगतात. मग ओशाळून म्हणतात की, तुमचं नाव काढलं तरी उठून जाते हो, मी समजूत घालतोय तिची.

मी त्यांना दर वेळी सांगते, समजूत घालू नका.